सोबत गेलेल्या बायकोचं काम : नाशिकहून ब्योब्लिंगनला गेलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी चौदा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टच्या परिसरात राहते आणि इथं नव्यानं येणाऱ्या मराठी कुटुंबांना कागदपत्रांच्या कामात जमेल तशी मदत करते. हे प्रकरण त्यांच्यापैकी एका कुटुंबाचं आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दोघांनीही मजकूर वाचून संमती दिली आहे.

मेघा फिजिओथेरपिस्ट आहे. साडेचार वर्षांची बीपीटीएच पदवी घेतल्यावर दोन वर्षं तिनं एका रुग्णालयात काम केलं आणि मग गंगापूर रोडला स्वतःचं छोटं क्लिनिक काढलं. दोन टेबलं, एक मदतनीस आणि संध्याकाळी दाराबाहेर चपलांची रांग. महिन्याला खर्च वजा जाता पंचावन्न ते साठ हजार सुटायचे. समीर गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. कामासाठी तो पुण्यात राहायचा आणि शनिवार-रविवारी नाशिकला यायचा. मुलगी सव्वातीन वर्षांची होती.

जून २०२१मध्ये समीरला श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीतून ऑफर आली, वर्षाला ६२,००० युरोची. आठवडाभर घरात हिशेब चालला. समीरनं केलेला तो एक पानी तक्ता मी पाहिला आहे. पगार, कर, भाडं, विमा, किराणा, शिल्लक, आणि तळाशी शिलकीचे रुपये, सगळं नीट मांडलेलं. मेघाच्या कमाईसाठी मात्र त्यात रकानाच नव्हता. तो मुद्दाम गाळला असं नाही, कुणाला सुचलाच नाही. ती तिकडे काय करणार, असं कुणी विचारलं की सगळे म्हणायचे, ‘फिजिओला तिकडे खूप मागणी आहे.’ मागणी खरंच आहे. पण मागणी असणं आणि काम करायची परवानगी असणं यांत किती अंतर आहे, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

समीर ऑक्टोबर २०२१मध्ये पुढे गेला. मेघानं क्लिनिक एका मैत्रिणीला चालवायला दिलं आणि जानेवारी २०२२मध्ये ती मुलीला घेऊन ब्योब्लिंगनला आली.

अडचण

जर्मनीत फिजिओथेरपी हा कायद्यानं नियमित केलेला व्यवसाय आहे. १९९४च्या कायद्यानुसार इथलं शिक्षण तीन वर्षांचं असतं. त्यात २,९०० तास वर्गातले आणि १,६०० तास प्रत्यक्ष रुग्णांवरच्या कामाचे. पदवी परदेशातली असेल तर ती राज्याच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागते, याला इथं ‘अनेर्केनुंग’ म्हणतात. तपासणी विषयवार आणि तासवार होते. जिथं तास कमी पडतात तिथं एक तर ठरावीक काळ देखरेखीखाली काम करायचं, नाही तर परीक्षा द्यायची. शिवाय बी-२ पातळीचं जर्मन हवं (ए-१पासून सी-२पर्यंतच्या सहा पातळ्यांतली चौथी). हे सगळं झाल्यावर मिळतं ते प्रमाणपत्र. तोपर्यंत फिजिओथेरपिस्ट म्हणून स्वतंत्रपणे एकाही रुग्णावर उपचार करता येत नाहीत, अनुभव कितीही असला तरी.

मेघाला हे इथं आल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं. आणि तोपर्यंत तिला जर्मनचं अक्षर येत नव्हतं.

त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. जोडीदाराच्या व्हिसासाठी एरवी ए-१ पातळीची भाषा दाखवावी लागते. ब्लू कार्डधारकांच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्यांच्या, जोडीदारांना मात्र त्यातून सूट आहे, आणि कामाची परवानगी पहिल्या दिवसापासून मिळते. समीरनं हे वाचलं आणि आनंदानं कळवलं, “तुला काहीच परीक्षा नाही, सरळ ये.” परीक्षेतून सूट मिळाली म्हणजे शिकण्यातूनही मिळाली, असा अर्थ दोघांनी काढला. ऑफर आल्यापासून मेघा निघेपर्यंत सात महिने गेले. त्यांतले पाच तरी वर्गाला देता आले असते.

पहिले नऊ महिने वाईट गेले. समीर सकाळी साडेसातला बाहेर पडायचा. ऑफिसचं काम इंग्रजीत चालायचं, त्यामुळे त्याचं कुठं अडत नव्हतं. अडायचं ते घरी राहणाऱ्या मेघाचं. टपालपेटीत रोज पत्रं यायची आणि सगळी जर्मनमध्ये असायची. आरोग्यविमा, वीज, रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरोची सक्तीची वर्गणी, नगरपालिका. ती गठ्ठा करून ठेवायची आणि शनिवारी समीर फोनवर भाषांतर करून वाचायचा. मार्चमध्ये अशाच एका गठ्ठ्यात बालवाडीचं, म्हणजे किटाचं, पत्र निघालं. जागा देऊ केली होती आणि दहा दिवसांत होकार कळवायचा होता. पत्र उघडलं तेव्हा तेरावा दिवस होता. पुढची जागा मिळाली थेट सप्टेंबरमध्ये. घरात इतर चुकाही झाल्या, पण एवढी महाग कुठलीच पडली नाही, कारण मूल घरी असताना सकाळचा भाषेचा वर्ग करता येत नाही.

बाकीच्या गोष्टी लहान होत्या, पण रोजच्या होत्या. या भागात ‘केअरवोखे’ पाळतात. ज्याच्या दारावर पाटी लटकते त्यानं त्या आठवड्यात जिना आणि अंगण झाडायचं आणि आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर लावायची. मेघाला ती पाटी घराच्या नंबराची वाटली. तीन आठवडे ती तिच्याच दारावर राहिली आणि जिना कुणीच झाडला नाही. तळमजल्यावरच्या आजींनी शेवटी बेल वाजवली, हातात झाडू घेऊन. मेघाला वाटलं त्या भांडायला आल्या आहेत. प्रत्यक्षात आजींनी स्वतः दोन पायऱ्या झाडून दाखवल्या आणि झाडू तिच्या हातात दिला. इथली तिची पहिली ओळख ती.

मला तिचा फोन आला मे महिन्यात, एका ओळखीतून. आवाज शांत होता. म्हणाली, “ताई, पेशंट मला मॅडम म्हणायचे हो. इथं आल्यापासून माझ्याशी कुणी काही बोललंच नाही. काल बसच्या ड्रायव्हरनं ‘हॅलो’ म्हटलं तर मला रडू आलं.”

समोर काय पर्याय होते

आम्ही तिघं आमच्या स्वयंपाकघरात बसलो आणि कागदावर लिहून काढलं.

पहिला पर्याय परतण्याचा. मेघा आणि मुलीनं नाशिकला जायचं आणि समीरनं दोन-तीन वर्षं एकट्यानं राहून पैसे साठवायचे. क्लिनिक अजून जिवंत होतं. मेघाच्या आईचा कल इकडे होता. समीर ठामपणे नाही म्हणाला. मुलगी बापाला आठवड्यातून दोनच दिवस पाहत मोठी झाली होती आणि ते पुन्हा नको, यावर मेघाचंही एकमत होतं.

दुसरा, सासूबाईंनी फोनवर सुचवलेला. “अगं, दोन-तीन वर्षं घर सांभाळ, मूल शाळेत जाऊ दे, मग बघू.” यात वाईट हेतू नव्हता आणि घरखर्चही एका पगारात भागत होता. हातात साडेतीन हजारांच्या आसपास यायचे, पैकी १,३५० भाड्यात जायचे. पण मोकळी गेलेली वर्षं कार्यालयही मोजतं आणि हातही विसरतात, असं माझं मत होतं आणि मी ते स्पष्ट सांगितलं.

तिसरा क्षेत्र बदलण्याचा. श्टुटगार्टच्या आसपास अनेक जणी सॉफ्टवेअर टेस्टिंगचे वर्ग करून इंग्रजीत चालणाऱ्या नोकऱ्यांत शिरल्या आहेत. समीरला हा मार्ग पटत होता, कारण तो वर्षात संपला असता. मेघा यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला जमेल. पण मला तेच करायचंय जे मला येतं.”

चौथा म्हणजे अनेर्केनुंग. सर्वांत लांबचा, सर्वांत खर्चाचा, आणि कधी संपेल ते सांगता न येणारा.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. दोघांनी तीन आठवडे घेतले आणि एक अट ठरवून चौथा निवडला : दोन वर्षांनंतर, म्हणजे जून २०२४ला, पुन्हा बसायचं आणि चालू ठेवायचं की सोडायचं ते ठरवायचं. ही मुदत त्यांची स्वतःची कल्पना होती आणि मला ती फार मोलाची वाटते. तिच्यामुळे रोज उठून ‘चुकलं की काय’ हा प्रश्न पडायचा थांबला.

काय केलं

सप्टेंबर २०२२ला मुलगी किटात गेली. इथं मूल सोडून लगेच निघता येत नाही. पहिले काही आठवडे पालकानं तिथंच बसायचं आणि हळूहळू वेळ वाढवायचा. समीरनं त्यातले दोन आठवडे सुट्टी काढून केले. ऑक्टोबरपासून मेघाचा सरकारी एकात्मता अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात भाषेचे ६०० तास आणि देशाची ओळख करून देणारे १०० तास असतात. तेव्हा तासाला सव्वादोन युरोच्या आसपास भरावे लागायचे, आणि दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण झालं तर निम्मे परत मिळायचे. वर्गात सीरियाची दंतवैद्य होती, युक्रेनची हिशेबनीस होती आणि तुर्कस्तानचा स्वयंपाकी होता. मेघा म्हणते, भाषेइतकाच आधार त्या वर्गाचा झाला. आपल्यासारखंच इतरांनीही कमावलेलं काम मागे ठेवलेलं आहे, हे तिनं तिथं रोज पाहिलं.

कागदपत्रांचं काम समांतर चाललं आणि ते भाषेपेक्षा अवघड निघालं. पदवी आणि गुणपत्रिका पुरत नाहीत. चार वर्षांत कोणत्या विषयाचे वर्गात किती तास झाले आणि रुग्णांवर किती, हे महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी लागतं. मेघाचे वडील चार वेळा महाविद्यालयाच्या कार्यालयात गेले. तिथल्या लिपिकाला असं काही मागितलं जातं हेच नवं होतं. शेवटी वडिलांनी जुन्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेवरून स्वतः तक्ता तयार केला, विभागप्रमुखांकडून तपासून घेतला आणि त्यावर शिक्का मिळवला. शिवाय राज्याच्या भौतिकोपचार परिषदेचं नोंदणी चालू असल्याचं पत्र, आंतरवासितेचा दाखला आणि कामाचा अनुभव हेही जमवावं लागलं.

मग भाषांतर. स्वस्त पडतं म्हणून त्यांनी ते पुण्यातून ३८,००० रुपयांत करून घेतलं. ते चाललं नाही. इथं न्यायालयात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचंच लागतं. तेच कागद पुन्हा, यावेळी युरोत. अर्ज करण्याआधी कार्यालयात एक टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेऊन नेमकं काय लागतं ते विचारलं असतं तर हा खर्च टळला असता. मीही त्यांना हे वेळेवर सांगायला हवं होतं. माझ्या वेळी इंग्रजी कागद तसेच घेतले गेले होते आणि मी तेच गृहीत धरलं.

मे २०२३मध्ये अर्ज गेला. जूनमध्ये मेघा बी-१ उत्तीर्ण झाली.

मिनीजॉबचा निर्णय

या टप्प्यावर थोडं थांबते, कारण माझ्या मते पुढचं सगळं इथं ठरलं.

जुलै २०२३मध्ये तिच्यासमोर दोन कामं होती. एका भारतीय उपाहारगृहात संध्याकाळचं काम, ओळखीची माणसं, ओळखीची भाषा. दुसरं एका फिजिओथेरपी प्रॅक्टिसमध्ये : फोन घेणं, टॉवेल धुणं, टेबलं पुसणं आणि फांगो, म्हणजे शेकायच्या चिखलाच्या पट्ट्या, गरम करून खोलीत नेऊन ठेवणं. दोन्हीकडे पैसे तेवढेच, तेव्हाच्या मिनीजॉबच्या, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतच्या छोट्या नोकरीच्या, मर्यादेइतके : महिना ५२० युरो.

सात वर्षं अनुभव असलेल्या बाईनं दुसऱ्या फिजिओचं टेबल पुसायचं, हे घरी कुणालाच रुचलं नाही. मेघाच्या आईनं नातेवाइकांना ‘ती दवाखान्यात आहे’ एवढंच सांगितलं. मेघा स्वतः पहिल्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपली. तिनं मला सांगितलं ते असं : “शेजारच्या खोलीत एक मुलगी खांद्याला मोबिलायझेशन देत होती आणि मला दारातूनच दिसत होतं की कोन चुकतोय. मी फांगो ठेवला आणि बाहेर आले.”

तरी ती गेली, रोज गेली. आणि तिथं तिला वर्गात कधी मिळाली नसती अशी भाषा मिळाली. इथले म्हातारे लोक श्वाबिश ही या भागातली बोली बोलतात. पुस्तकातल्या जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल आणि ‘बाइन’ म्हणजे त्यावरचा सगळा पाय. श्वाबिशमध्ये मात्र फूस थेट कमरेपर्यंत जातो. वर्गातले सगळे यावर गोंधळायचे. मेघाला ते चटकन कळलं, कारण आपणही ‘पाय दुखतोय’ म्हणतो तेव्हा घोट्यापासून मांडीपर्यंत काहीही असू शकतं आणि पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. ‘हेक्सेनशुस’ हा शब्द तिनं ऐकला. शब्दशः अर्थ ‘चेटकिणीचा बाण’. फोनवर कळवळणारा माणूस काय सांगतोय ते आवाजावरून तिनं ओळखलं : उसण भरलीय. त्या दिवशीचा तिचा संदेश मी जपून ठेवला आहे.

प्रॅक्टिसची मालकीण हे सगळं पाहत होती.

निकाल आणि दुसरं वळण

नोव्हेंबर २०२३मध्ये कार्यालयाचं उत्तर आलं. शरीरशास्त्र, अस्थिरोग, मज्जासंस्था यांत तास भरपूर होते. कमतरता निघाली ती मसाज, पाण्यानं आणि उष्णतेनं करायचे उपचार, आणि इथले व्यवसायविषयक कायदे यांत. आपल्याकडे मसाजला अभ्यासक्रमात फार जागा नाही. इथं तो शिक्षणाचा ठरलेला भाग आहे. पर्याय दोन दिले : नऊ महिने देखरेखीखालचं काम आणि सोबत शाळेतले तास, किंवा परीक्षा.

मी परीक्षेचा आग्रह धरला. मेघा हुशार आहे, चार महिन्यांत तयारी झाली असती आणि वर्ष वाचलं असतं. समीरही माझ्या बाजूनं होता. तिनं ऐकलं नाही. तिचं म्हणणं होतं की हात तयार आहेत, तोंड नाही. परीक्षकासमोर जर्मनमध्ये अडखळले तर त्यांना वाटेल की मला विषयच येत नाही. तिचा निर्णय बरोबर होता. आज मागे वळून पाहताना मला दिसतं की मी तिच्या ज्ञानाकडे पाहत होते आणि ती तिच्या पुढच्या तीस वर्षांकडे.

मालकिणीनं तिला नऊ महिन्यांसाठी आपल्याकडेच घेतलं. पण आधी बी-२ हवं होतं. ते मार्च २०२४मध्ये झालं, पहिल्या प्रयत्नात तोंडी भाग राहिला आणि दुसऱ्यात निघाला. शाळेतली जागा सप्टेंबरची मिळाली. जून २०२४ची ठरलेली बैठक झाली, अर्ध्या तासात संपली आणि चालू ठेवायचं ठरलं. मुलगी पहिलीत आणि आई कामावर, दोन्ही त्याच सप्टेंबरमध्ये सुरू झालं. इथं पहिलीच्या मुलांना खाऊ आणि वह्या-पेन्सिली भरलेला कागदी शंकू देतात. समीरनं त्या दिवशी दोन शंकू आणले होते.

एक व्यवहाराची गोष्ट इथं सांगायला हवी. पगारातून दरमहा किती कर कापायचा ते इथं करवर्गावर ठरतं. सुरुवातीला समीरचा करवर्ग तीन होता आणि मेघाचा आपोआप पाच. एकच पगार असताना हे सोयीचं असतं. पण मेघाला खराखुरा पगार सुरू झाला तेव्हा पहिल्या पावतीत तिचा कर तिच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त कापलेला होता, कारण करमुक्त रकमेचा तिचा वाटा समीरच्या पगारात धरला जात होता. वर्षाअखेर एकत्र विवरणपत्रात हिशेब सारखा होतो. तरी बेकारी भत्ता आणि पालकत्व भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतात, म्हणजे नुकसान कमी कमावणाऱ्याचं होतं. दोघांनी चार-चार करून घेतलं.

आज

जून २०२५मध्ये प्रमाणपत्र आलं. मेघा त्याच प्रॅक्टिसमध्ये आठवड्याला २५ तास काम करते, तासाला २० युरोच्या आसपास. इथं फिजिओ एरवी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच उपचार करतो. स्वतः तपासून, निदान करून उपचार ठरवायची तिची नाशिकची सवय इथं चालत नाही आणि ते तिला अजून खुपतं. कुणी तिला मॅडम म्हणत नाही. तळमजल्यावरच्या आजी तिच्या पेशंट आहेत.

नाशिकचं क्लिनिक आता मैत्रिणीच्या नावावर झालं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ऑफर आली त्याच आठवड्यात मेघाच्या व्यवसायाचे नियम वाचायला हवे होते. फेब्रुवारी २०२०पासून बॉनमध्ये परदेशात राहणाऱ्यांसाठी मान्यतेबाबत मोफत सल्ला देणारं केंद्र आहे, आणि नाशिकहून एक ईमेल पुरला असता. शिक्क्याचे कागद तिथं असतानाच, स्वतः महाविद्यालयात जाऊन मिळवले असते. माझ्या अंदाजानं या दोन गोष्टी आणि निघण्यापूर्वी ए-२पर्यंतचं जर्मन, एवढ्यानं किमान एक वर्ष वाचलं असतं. नर्स, डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओ, शिक्षक अशा सगळ्यांना हे लागू आहे, राज्यानुसार थोड्या फरकानं. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनानं याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळे आपल्याकडून येणारी माणसं वाढतील. त्यांच्यासोबत येणाऱ्यांच्या पदव्यांचं काय, हे प्रत्येक घरानं आपलं आपण पाहायला हवं.

पत्रं आली त्या दिवशीच उघडायचा नियम मेघानं आता घरात केला आहे.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते समीरच्या भाषेचं. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं म्हणून तो शिकला नाही, आणि म्हणून पहिल्या वर्षी किटाचे फोन, घरमालकाशी बोलणं, डॉक्टरची वेळ हे सगळं जिला सर्वांत कमी येत होतं तिच्याच वाट्याला आलं. त्यानं आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग केला असता तर तो गठ्ठा साचलाच नसता. हे मी त्याच्यासमोर बोलले आहे आणि त्यानं ते मान्य केलं आहे. ऑक्टोबरमध्ये मेघा लसिकेचा निचरा करण्याच्या मसाजचा १७० तासांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करते आहे, शनिवार-रविवार धरून. त्या दिवसांत मुलगी समीरकडे, आणि मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी मुलगी मेघाकडे, कारण समीरनं बी-१च्या वर्गात नाव घातलं आहे.